सहाशे पंचवीस, मारबत आणि काकूंची प्लेट: जंतूंपासून औषधं कशी होतात

मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये एक विचित्र अडचण येते. जंतू वाढवायचं कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, ३७ अंशांवर लावलेलं असतं, कारण माणसाच्या अंगात राहणाऱ्या जंतूंना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते. हे कपाट तापू शकतं, थंड होऊ शकत नाही. बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं की बाहेरची खोली कपाटापेक्षा थंडच असणार. त्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नसावा. एका वर्षी रात्री लाईट गेली, आली, पण एसी काही परत सुरू झाला नाही. सकाळी पाहते तर कपाटाचा आकडा ४१. त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, बाद. पेशंटना फोन करून पुन्हा सॅम्पल मागवावं लागलं. ‘तुमच्या जंतूंना ऊन लागलं’ असं काही कोणाला सांगता येत नाही.

धंतोलीतल्या त्या लॅबमध्ये माझं काम एवढंच: लघवी, थुंकी, पू, रक्त यांतून जंतू वाढवायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं. दिवसभर जंतूंच्या संगतीत राहिलं की त्यांच्याकडे बघायची नजर बदलते. घरी मात्र प्रश्न तेच असतात. परवा शेजारच्या काकू सकाळीच डबी घेऊन दारात. लघवीला जळजळ होत होती, ताप नव्हता. मी नेहमीचं विचारलं, आधी काही गोळ्या घेतल्या का?

“काही नाही वं. घरी सहाशे पंचवीसच्या तीन उरल्या होत्या, पोराच्या दाढेसाठी आणलेल्या. त्या घेतल्या चार दिवसांखाली. फरक नाही पडला, म्हून तुह्याकडे आली.”

सहाशे पंचवीस. आपल्याकडे या अँटिबायोटिकचं नाव कोणी घेत नाही, आकडाच नाव झालाय. मेडिकलवाल्यालाही तेवढंच पुरतं.

“काकू, त्या गोळीत काय असतं माहीत आहे?”

“मले माहीत असतं तं तुह्याकडे कायले आली असती?”

लघवीचं सॅम्पल दोन तासांत लॅबमध्ये पोचावं लागतं, नाहीतर डबीतच जंतू वाढत बसतात आणि रिपोर्ट चुकतो. काकू गाडीवर मागे बसल्या, डबी पिशवीत. मानेवाड्यापासून धंतोलीपर्यंत, सगळे सिग्नल धरून, मी त्यांना जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आपण सगळ्यालाच ‘जंतू’ म्हणतो. सर्दी झाली की जंतू, टायफॉइड झाला की जंतू, गजकर्ण झालं तरी जंतू. पण यात तीन अगदी वेगळ्या जातीचे जीव आहेत, आणि औषधांचा सगळा खेळ त्या वेगळेपणावर चालतो. जिवाणू म्हणजे एका पेशीचा पण स्वतंत्र संसार. स्वतःचं घर, स्वतःची चूल, घराभोवती स्वतःची भिंत. बुरशीची पेशी रचनेने आपल्या पेशीच्या बरीच जवळ, लांबची नातेवाईकच म्हणा. आणि विषाणूला घरच नाही. तो म्हणजे पाकिटात घातलेली एक चिठ्ठी. आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच चुलीवर स्वतःच्या हजारो नकला शिजवून घेतो.

औषध म्हणजे शेवटी विषच; फक्त त्याने जंतू मरावा आणि माणूस मरू नये एवढी अपेक्षा. म्हणून शत्रू जितका परका तितका तो मारायला सोपा. जिवाणू सगळ्यात परका, म्हणून त्याच्यावर औषधं भरपूर. बुरशी जवळची, म्हणून औषधं थोडी आणि त्रासदायक. विषाणू तर आपल्याच घरात आपलीच भांडी वापरतो, त्याला मारायचं म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर जाळण्यासारखं. म्हणून तिथे मोजकी औषधं आणि मुख्य भरवसा लसीवर.

आधी परक्याची गोष्ट. जिवाणूच्या आत दाब प्रचंड असतो. टायर नसेल तर भरलेली ट्यूब जशी फुटेल, तशी भिंत नसेल तर त्याची पेशी फुटते. पेनिसिलिन ही भिंत पाडत नाही. जिवाणू वाढताना नव्या विटा रचतो, त्या विटा एकमेकींना जोडणारे गवंडी पेनिसिलिन अडकवून ठेवतं. भिंत कच्ची राहते आणि पेशी आपल्याच दाबाने फुटते. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, त्यामुळे ते आपलं फारसं काही बिघडवत नाही. अपवाद अॅलर्जीचा, आणि तो मात्र जिवावर बेतू शकतो.

हे हत्यार माणसाने शोधलं, बनवलं नाही. बनवलं बुरशीने. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगात तळाशी दबलेलं एखादं फळ पाहा: आधी मऊ पडतं, मग पांढरं, मग त्यावर हिरवट भुकटी चढते. ती पेनिसिलियम घराण्यातली बुरशी. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्लेटवर जी उगवली ती हिची चुलत बहीण. (सडक्या संत्र्याने औषध होत नाही बरं का. संत्र्यावरच्या जाती वेगळ्या, आणि जखमेवर बुरशी चोळली तर दुसरंच काही पदरी पडेल.)

फ्लेमिंगची गोष्ट शाळेतच सगळ्यांनी ऐकलेली असते, ती मी सोडते. मला पुढची गोष्ट जास्त आवडते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. फ्लेमिंगला ते द्रव्य नीट वेगळं काढता आलं नाही. दहा-अकरा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते काढलं. युद्ध चालू, सामान मिळेना. हीटलीने बुरशी वाढवायला हॉस्पिटलातली बेडपॅनसुद्धा वापरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसावर त्याचा प्रयोग झाला. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांत पू झाला होता. दोन-चार दिवसांत तो माणूस उठून जेवायला लागला. पण पेनिसिलिन संपत आलं. तेव्हा त्याची लघवी गोळा करून तिच्यातून औषध परत काढलं आणि पुन्हा त्यालाच टोचलं, कारण पेनिसिलिन बरंचसं लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. तेही संपलं. मार्चमध्ये तो वारला. माझ्या टेबलावर रोज पंचवीस-तीस डब्या येतात, आणि कधीकधी मला त्या पोलिसाची डबी आठवते.

मग काम अमेरिकेत गेलं, आणि १९४३ मध्ये पिओरिया गावच्या एका खरबुजावरच्या बुरशीने कितीतरी पट जास्त औषध दिलं. मोठमोठ्या टाक्या, मक्याचं पाणी, खालून सोडलेली हवा आणि आत पोसलेली बुरशी. थोडक्यात, औषधाचा कारखाना म्हणजे मोठ्या प्रमाणावरचं आंबवणं. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली ती याच कामासाठी. पिंपरीच्याच मातीत तिथल्या शास्त्रज्ञांना एक जिवाणू सापडला, त्याचं नाव गावावरून ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना, आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं. पुण्याकडचे लोक याचा अभिमान बाळगतात की नाही मला माहीत नाही, बाळगायला हरकत नाही.

स्ट्रेप्टोमायसिस. हे नाव लक्षात ठेवा, कारण औषधांच्या जगात खरा सावकार हा आहे. मातीत राहणारे हे जिवाणू बुरशीसारखे धागे काढतात. तुम्ही यांना पाहिलं नसेल, पण वास घेतलेला आहे. जूनमध्ये पहिली सर येते, काळी माती भिजते आणि जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा यांनी सोडलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. कधीतरी खिडकीतून धूळ येते आणि आमच्या प्लेटवर चुकून त्यांची वसाहत उगवते: खडूसारखी पांढरी, कोरडी, सुईने उचलायला गेलं तर चिवट. प्लेटा हुंगायच्या नसतात, आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं. पण या वसाहतीचा वास झाकण उचलताच आपणहून येतो. बाहेर ४५ अंश, आणि लॅबमध्ये पावसाचा वास. एकदा अशा प्लेटवर त्या पांढऱ्या ठिपक्याभोवती चक्क स्वच्छ कडं पडलं होतं. आजूबाजूचे जंतू तिथे वाढूच शकले नव्हते. फेकायची प्लेट होती. मी दोन दिवस ठेवून घेतली.

त्या कड्याच्या मागे लागून सेल्मन वॅक्समन आणि त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन काढलं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक. मग जगभरची माती पिशव्यांत भरून प्रयोगशाळांत जायला लागली. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्सच्या मातीतून आलं, व्हॅन्कोमायसिन बोर्निओच्या. रिफॅम्पिसिन ज्याच्यापासून झालं तो जिवाणू फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातला. टीबीच्या पेशंटला हे औषध सुरू झालं की लघवी नारिंगी होते, आणि कोणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून आमच्याकडे धावत येतो. रक्त नाही हो ते, औषधाचा रंग आहे.

आता जवळच्या शत्रूचं, म्हणजे बुरशीचं. २०२१ चा मे-जून नागपुरात कोणी विसरलेलं नाही. करोनातून उठलेल्या, शुगर असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना काळी बुरशी होत होती. नाकातून सुरुवात, मग डोळा, मग मेंदू. सगळे एकाच इंजेक्शनच्या मागे: अॅम्फोटेरिसिन. नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन गावभर फिरत होते. त्या इंजेक्शनचा जन्म कुठला? व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतला एक स्ट्रेप्टोमायसिस, १९५० च्या दशकातला. त्या दिवसांत वर्ध्याच्या एका कंपनीने ते बनवायला घेतलं तेव्हा विदर्भात केवढा जीव भांड्यात पडला होता.

आणि ते देताना डॉक्टर किडनीच्या तपासण्या वारंवार का करत होते? बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. अॅम्फोटेरिसिन त्याला चिकटतं आणि पडदा गळका करतं. आपल्या पडद्यात त्याच घराण्यातलं कोलेस्टेरॉल असतं. औषधाला दोघांतला फरक कळतो, पण पूर्णपणे नाही. किडनीला झळ बसते ती त्यातून. म्हणून मग तेच औषध चरबीच्या बारीक थेंबांत बांधून देतात. ‘लायपोसोमल’ म्हणून जे महागडं मिळत होतं ते हेच. नातं जवळचं असलं की असं होतं.

विषाणूंना भिंत नाही, चूल नाही, पडदाही आपल्याकडूनच उचललेला किंवा नाहीच. पेनिसिलिनला पकडायला तिथे काहीच सापडत नाही. म्हणून सर्दी-फ्लूला अँटिबायोटिक खाऊन काही होत नाही. पाच दिवसांनी सर्दी जाते ती आपली आपण, आणि श्रेय गोळीला मिळतं. एचआयव्ही, नागीण, कावीळ यांच्यावर औषधं आहेत, पण ती एकेका विषाणूच्या एकेका खोडीवर बेतलेली. तिथे सोपी युक्ती दुसरी आहे: शत्रू यायच्या आधी शरीराला त्याचा चेहरा दाखवून ठेवायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराईची भलीमोठी बाहुली, मिरवणुकीने निघते, ती नागपूरकराला सांगायला नको. काळी आणि पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, आणि लोक ओरडतात, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’. मला लस समजावून सांगायला मारबतीइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. बाहुली दिसते भयंकर, हातून काही होत नाही तिच्या. पण रस्त्यावरच्या पोराटोरांना तिचा चेहरा पाठ होतो. लस म्हणजे रोगाची मारबत. शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात, प्रतिद्रव्यं तयार करतात, आणि त्यातल्या काही पेशी तो चेहरा लक्षात ठेवून वर्षानुवर्षं मागे राहतात. खरा रोग आला की तयारीला दोन आठवडे लागत नाहीत.

मारबत करायच्या तऱ्हा मात्र बऱ्याच. सगळ्यात जुनी: रोगाचा गरीब भाऊबंद शोधायचा. माझ्या आजीच्या दंडावर दोन मोठे गोल व्रण होते, ‘देवी काढलेल्या’. देवीचा रोग भयंकर, पण गायीच्या आचळांवर येणारी गोस्तन देवी सौम्य. ती होऊन गेलेल्याला मोठी देवी येत नाही, हे गवळणींचं म्हणणं एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये तपासून पाहिलं. फोडातला पाझर काढून दुसऱ्याच्या कातडीत घालायचा. मराठीत आपण जखमेतून ‘लस येते’ म्हणतो ना, तीच ही लस; शब्द तिथूनच आला. मुंबईत ती पोचली १८०२ मध्ये, बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. फ्रिज नव्हते, माणसांचे दंड हाच फ्रिज. १४ जूनला अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, भारतातली पहिली लस. १९८० मध्ये देवी पृथ्वीवरूनच गेल्याचं जाहीर झालं. मारबतीने खरोखर नेलेला माणसांचा हा एकच रोग.

दुसरी तऱ्हा, जिवंत जंतूला उपाशीतापाशी वाढवून मवाळ करायचं. आपल्या डाव्या दंडावर बीसीजीचा जो व्रण आहे तो याचा पुरावा. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंचांनी गायीच्या टीबीचा जिवाणू घेतला आणि पित्त, ग्लिसरिन घातलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. मग त्या फोडीवरून दुसऱ्या फोडीवर. असं १३ वर्षं, २३० वेळा. तो जिवाणू बटाट्यावर राहायला इतका सरावला की रोग करायचं विसरला. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा बाळाला दिला. बीसीजी मोठ्या माणसाला फुप्फुसाच्या टीबीपासून फारसं वाचवत नाही, हे खरं आहे; बाळांना मेंदूच्या टीबीपासून वाचवतं, आणि म्हणून जन्मल्याबरोबर देतात. हेच बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये नळीने आत सोडतात, तिथे ते शरीराला चिडवून कॅन्सरच्या पेशींवर सोडतं.

तिसरी, जंतू मारून द्यायचा. मुंबईत प्लेग असताना वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू रश्श्यासारख्या पाण्यात वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते तापवून मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. आपल्यातल्या पुष्कळांनी घेतलेली कोव्हॅक्सिन याच जातीची, मारलेल्या विषाणूची. कोविशील्डची तऱ्हा निराळी: चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूला अपंग करून त्याच्या हातात करोनाच्या काट्याची चिठ्ठी दिलेली. कुत्रं चावल्यावरची लसही आता पेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूची आहे. पोटात चौदा इंजेक्शनं ही भीती अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि हॉस्पिटल गाठा, हळद-चुन्यात वेळ घालवू नका.

धनुर्वात आणि घटसर्पात जंतू नाही, त्याचं विष मारतं. तिथे विषच फॉर्मालिनने निकामी करून टोचतात.

हे सगळं २ ते ८ अंशांत राहावं लागतं, आणि इथे पुन्हा आमचा मे आडवा येतो. उन्हाळ्यात नर्सताई निळी पेटी खांद्याला लावून वस्तीत येतात, तेव्हा पोलिओच्या बाटलीवरचा ठिपका त्यांना दाखवायला सांगा. बाहेर गोल, आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उष्णता लागत जाते तसा चौकोन काळवंडतो, आणि दोन्हींचा रंग एक झाला की बाटली बाद. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायला नको, बाटलीच बोलते. उलट काही लसी गोठल्या तरी बिघडतात, म्हणून बर्फाला चिकटवूनही ठेवायच्या नाहीत.

लस आणि अँटिबायोटिक हे दोन वेगळे विषय वाटतात, पण विदर्भात एक आजार आहे जिथे ते एकाच बाळाच्या हातात येतात. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. या मुलांची प्लीहा फार लवकर निकामी होते. प्लीहा म्हणजे रक्ताची चाळणी. न्यूमोकोकससारखे, अंगावर साखरेचा जाड कोट घातलेले जिवाणू तीच गाळते. चाळणी गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. म्हणून या मुलांना पाच वर्षांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन द्यायचं असतं, आजारी नसतानासुद्धा. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या एवढ्याशा औषधाने न्यूमोकोकसचे आजार ८४ टक्क्यांनी कमी झाले. आणि सोबत न्यूमोकोकसची लस. तिच्यातही मजा आहे: नुसती साखर दाखवली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिची दखलच घेत नाही. म्हणून ती साखर एका प्रथिनाला बांधतात, आणि ते प्रथिन बहुतेकदा घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप असतं. एका जंतूची ओळख पटवायला दुसऱ्या जंतूची शिफारस. २०२१ पासून ही लस देशभरात सगळ्याच बाळांना सरकारी केंद्रात फुकट आहे. ज्या घरात सिकलसेलचं पिवळं किंवा लाल कार्ड आहे तिथे तरी ती चुकू नये. रोजच्या पेनिसिलिनला मात्र आया कंटाळतात, ‘पोर तं चांगलं खेळून राहिलं, मंग औषध कायले?’ मला त्यांचं कळतं. न झालेला आजार कोणाला दिसत नाही.

अजनीच्या सिग्नलवर काकूंनी विचारलं, “मंग जंतू चांगले का वाईट?” त्याचं उत्तर त्यांच्याच फ्रिजमध्ये होतं. वरच्या कप्प्यात विरजण लावलेलं दही, ते जिवाणूंचं. दारात काकांचं इन्सुलिन. पूर्वी ते डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढायचे. मग माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातला, आणि १९८२ पासून जिवाणूंनी बनवलेलं इन्सुलिन बाजारात आलं. काही कंपन्या त्याच कामाला यीस्ट लावतात. हिपॅटायटिस बीची लसही यीस्टच बनवतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं घराणं बुरशीतून सुरू झालं. किडनी बदललेल्या माणसाला जी सायक्लोस्पोरिन देतात ती नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीची. टाक्या, शिजवलेलं खाद्य, ऊब, हवा आणि राबणारे अब्जावधी मजूर. पगार साखर.

लॅबमध्ये पोचल्यावर काकूंना खुर्ची दिली आणि मी कामाला लागले. प्लेट म्हणजे काचेच्या बशीत घट्ट केलेली जेली, आणि ती जेली घट्ट होते अगारने. आपण पुडिंगला चायना ग्रास वापरतो तेच घराणं. आधी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी आपल्या शास्त्रज्ञ नवऱ्याला सांगितलं, माझ्या जेल्या उन्हातही टिकतात, हे घालून बघा. नागपूरसारख्या गावात तर त्या बाईंचा फोटो लावायला हवा.

पहिल्या दिवशी लघवीतला जंतू वाढवायचा. उगवला: ई. कोलाय. दुसऱ्या दिवशी तो सलाइनच्या पाण्यात घोळायचा, काळ्या रेघांचं कार्ड मागे धरून गढूळपणा जुळवायचा, कापसाच्या काडीने प्लेटभर सारवायचा, आणि वर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. एकेक टिकली ६ मिलिमीटरची, प्रत्येकीत एक औषध. रात्रभर कपाटात. सकाळी सगळी प्लेट धुक्यासारख्या थराने भरलेली, आणि जिथे औषध चाललं तिथे टिकलीभोवती स्वच्छ गोल. तो गोल पट्टीने मोजायचा. रिपोर्टवर जे ‘एस’ आणि ‘आर’ लिहून येतं ते या पट्टीवरून. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. दोन-तीन दिवस का लागतात विचारणाऱ्यांना हे एकदा दाखवावंसं वाटतं.

सहाशे पंचवीसच्या टिकलीभोवती गोल होता ११ मिलिमीटरचा. आर.

आता त्या आकड्याचं गणित. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. पण पुष्कळ जिवाणूंनी पेनिसिलिनला कापणारी कात्री बनवली, बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम. म्हणून त्यात १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घालतात. ते स्वतः जिवाणूला फारसं मारत नाही, फक्त ती कात्री अडकवून ठेवतं. आणि हे आम्ल बनवतो कोण? पुन्हा एक स्ट्रेप्टोमायसिस. मातीतल्या भांडणात कात्रीवरचा उतारासुद्धा आधीच तयार होता, आपण तो गोळीत भरला. काकूंच्या ई. कोलायने या उताऱ्यावरही मात केली होती. असा जंतू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि कात्रीचा नकाशा शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. तीन उरलेल्या गोळ्यांनी कमकुवत मरतात, दणकट राहतात. म्हणूनच गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर लाल रेघ छापलेली असते: चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरांना ठरवू द्या, काही आजारांत तो हल्ली कमीही झालाय. पण गोळ्या डब्यात साठवून पुढच्या वेळेला स्वतःच द्यायच्या, हे बंद करा. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल घेताना कमी मात्रेबद्दल नेमका हाच इशारा दिला होता, आणि तेव्हा पेनिसिलिन बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

रिपोर्ट घेऊन काकू त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. संध्याकाळी माझ्या दारात, हातात नवी पुडी.

“यांच्या इंजेक्शनातला आन माह्या लघवीतला जंतू एकच, हे पटलं मले. आता ही कॅप्सूल देली डॉक्टरनं, स्वस्तातली हाय. ही कोण्या बुरशीची?”

मी नाव वाचलं. नायट्रोफ्युरँटॉइन. प्लेटवर सगळ्यात मोठा गोल याच टिकलीचा होता, २१ मिलिमीटर.

“कोणाचीच नाही काकू. ना बुरशीची, ना मातीतली. ही माणसांनी रसायनं जोडून कारखान्यात केलेली.”

“मंग इतका येळ तू मले काय सांगून राहिली होती वं?”